शेवटच्या टेबलावरच्या आक्का

"बोटाला इचारलंस काय?"

मोटारीचं लोखंडी कव्हर हातात घेऊन कोणीही आक्कांच्या टेबलाशी गेलं, की हा प्रश्न ठरलेला. मोजमापाचा कागद, गेजचा आकडा, वरच्या साहेबाची सही, सगळं त्या नीट ऐकून घ्यायच्या. मग ॲप्रनला उजवा हात पुसायच्या, डोळे मिटायच्या आणि कव्हरच्या चकचकीत कडेवरून करंगळीशेजारचं बोट सावकाश फिरवायच्या. ती एक फेरी पुरी होईपर्यंत शेजारी उभ्या असलेल्या माणसानं बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. मालकही बोलत नसत.

तेच बोट का, असं मी एकदा विचारलं होतं. आक्का म्हणाल्या, "बाकीच्या बोटांस्नी काम करून घट्टं पडल्यात. ह्याला कुणी कधी कामाला लावलंच न्हाय. म्हणून ते अजून खरं बोलतंय."

तुम्ही पंपावर पेट्रोल भरायला उभे राहता, तेव्हा तुमची नजर आकड्यांवर असते. शून्य बघितलं, की तुमचं समाधान होतं. त्या उभ्या पेटीच्या पोटात एक मोटार घुमत असते, तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, आणि जाण्याचं कारणही नाही. आमचा शिरोलीचा कारखाना त्याच मोटारी बनवतो. पेट्रोलची वाफ मोटारीत शिरतेच, ती अडवता येत नाही. म्हणून मोटारीचं कवच दणकट करायचं, आणि बॉडी व कव्हर यांच्यामधला सांधा इतका लांब आणि इतका घट्ट ठेवायचा, की आत ठिणगी पडून वाफ पेटलीच, तर ज्वाळा त्या फटीतून बाहेर येता येता निवून विझली पाहिजे. अशा मोटारीला फ्लेमप्रूफ म्हणतात. कारखाना बघायला आलेल्या पाहुण्यांना हे समजावताना मला फळा लागायचा, खडू लागायचा आणि चांगली वीस मिनिटं लागायची. आक्का आपल्या टेबलावरून मान वर करून एका वाक्यात काम संपवायच्या.

"घरात भांडण व्हनारच की, पावणं. उंबऱ्याभायेर जाता कामा न्हाय, येवढंच आमचं काम."

पाहुणे हसायचे, माझा फळा तसाच राहायचा.

आक्कांचं माहेर कुरुंदवाडचं. तिकडं थोरल्या बहिणीला आक्का म्हणायची रीत, म्हणून धाकटा भाऊ त्यांना आक्का म्हणायचा. तो एकदा कारखान्यात आला आणि गेटवरून "आक्का हाय का?" अशी हाक मारून गेला. तेव्हापासून रखवालदारापासून मालकापर्यंत सगळ्यांच्या त्या आक्का झाल्या. नवरा लवकर गेला. एक मुलगी होती, ती लग्न होऊन गडहिंग्लजला. आक्का आधी वायंडिंगला लागल्या, म्हणजे मोटारीत तांब्याच्या तारेची वेटोळी भरायला. तिथून सरकत सरकत त्या शेवटच्या टेबलावर आल्या. त्या टेबलापुढं फक्त पॅकिंगची पेटी आणि ट्रक. म्हणजे आक्कांनी "जाऊ दे" म्हटलं, की मोटार जगात गेली.

मी आलो तो पुण्यातल्या मोठ्या कारखान्यात दहा वर्षं काढून. चाचणी विभाग माझ्याकडे दिला होता आणि माझ्या मनात थोडी मिजास होती. पहिल्याच आठवड्यात मी पास केलेलं एक कव्हर आक्कांनी परत पाठवलं. मी तणतणत गेलो. म्हटलं, "आक्का, मशीननं मोजलंय हे."

"मशीननं गोल हाय का बघितलंय. मी वरखडा हाय का बघतोय." तिकडच्या बायकांसारखं आक्काही स्वतःबद्दल 'मी बघतोय', 'मी जातोय' असं बोलायच्या. "हितं बघ. घड्याळात चार वाजत्यात तितं."

मी भिंगाखाली धरलं. चारच्या जागी सांध्याला आडवा, केसाहून बारीक ओरखडा होता. ज्वाळेला बाहेर यायला आयती पायवाट. त्या दिवशी माझ्या आवाजातला पुण्याचा कारखाना बंद झाला.

पास न झालेल्या मोटारीला आक्का 'पावणं' म्हणायच्या. "हे पावणं जरा बसू दे," म्हणजे शंका आहे. "ह्या पावण्याला परत वाटंला लाव," म्हणजे नापास. पास झालेल्या मोटारीला मात्र त्या काहीच म्हणत नसत. नुसती पाठीवर थाप मारायच्या आणि पुढं ढकलायच्या.

एकदा माझ्या स्कूटरवर मागं बसून त्या शहरात निघाल्या होत्या. वाटेत पंपावर थांबलो. पुढचा माणूस टाकीचं झाकण उघडं ठेवून फोनवर मोठमोठ्यानं बोलत होता. आक्का उतरल्या आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"पावणं, किती येळ चालनार हाय?"

तो म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

"मला काय न्हाय. मी पेटीच्या आतलं बघतोय. भायेरचं तुम्ही बघायचं ठरलंय आपलं."

माणसाला काही कळलं नाही, पण फोन खिशात गेला. मग आक्कांनी त्या पेटीला कान लावला, ऐकलं आणि मला म्हणाल्या, "आपली हाय. बरी हाय." जणू सासरी दिलेली पोरगी बघून आल्या.

आता जे सांगायचं आहे, ते सांगतो.

आक्कांच्या त्या धाकट्या भावाची कुरुंदवाडजवळ लोखंड ओतायची लहानशी फौंड्री होती. कव्हरच्या ओतीव कामाला कोणी चांगला माणूस मिळेना, तेव्हा आक्कांनीच मालकांकडे शब्द टाकला होता. दोन वर्षं काम उत्तम चाललं. तिसऱ्या वर्षी एक मोठी मागणी आली आणि भावाकडून कव्हरं घाईनं ओतून आली. आम्ही ती घासून घेतली, आतून तांबडा रंग दिला, पाण्याच्या दाबाची चाचणी माझ्या विभागात झाली. एकही गळलं नाही. मी सही केली. दुपारी ट्रक दारात येऊन उभा राहिला. ग्राहकाचे फोन सकाळपासून चालू होते.

आक्का शेवटच्या टेबलावर एकेक कव्हर पितळी हातोडीनं हलकेच वाजवत होत्या. टण, टण, टण, टण. पाचव्याला थांबल्या. परत वाजवलं. मला हाक मारली.

"ऐक."

मला फरक कळला नाही. खरंच कळला नाही.

"हे पावणं बसक्या आवाजात बोलतंय," आक्का म्हणाल्या आणि वेल्डिंगच्या शेडमधून गॅसची बत्ती मागवली.

मालक बाहेर आले. ट्रकचा ड्रायव्हर, आम्ही सगळे गोळा झालो. आक्कांनी कव्हर विटांवर ठेवलं आणि आतल्या बाजूनं ज्योत धरली. तांबडा रंग काळा पडला, फुगला, आणि त्याच्याखालून करडा लगदा बुडबुडत बाहेर आला. आक्कांनी पक्कडीनं टोकरलं. लगदा गळून पडला. खाली चिंचोका बसेल एवढी पोकळी. ओतताना लोखंडात हवा अडकली होती, आणि कोणीतरी ती पुट्टीनं भरून वरून गुळगुळीत केली होती.

 ओतीव कोणाची, हे सगळ्यांना माहीत होतं.

मालक माणूस वाईट नव्हते. पण त्या दिवशी त्यांचा धीर सुटला होता. ते म्हणाले, "आक्का, पाण्याच्या चाचणीत पास आहे हे. कागद स्वच्छ आहे. आणि एक निघालं म्हणून सगळीच तशी असतील असं नाही."

"पाण्याला पुट्टी चालतीया, मालक. आगीला न्हाय चालत."

"अहो, पण चाचणीचा कागद..."

"पेट्रोल पेटल्यावर ते तुमचा कागद वाचत बसंल व्हय?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या सहीकडे बघत होतो. मग मालकांनी ड्रायव्हरला हात केला. ट्रक रिकामा परत गेला.

आम्ही प्रत्येक कव्हर वाजवलं आणि तापवलं. अकरा निघाली. त्या तीन दिवसांत आक्का मला एका शब्दानं लागेल असं बोलल्या नाहीत. मीच शेवटी म्हटलं, "आक्का, सही माझी होती."

"तू पाण्याचं बघितलंस. पाण्याचं बरोबरच हाय की," त्या म्हणाल्या. "मला आधी ऐकू यायला पायजे हुतं. भावाचं हाय म्हणून कान जरा ढिला पडला असंल. पहिली चार मी परत वाजवली." त्या चारांतलं एक निघालं होतं. हे त्यांनी आपणहून सगळ्यांना सांगितलं.

भावाला बोलावलं. तो आला तो रागातच. बहिणीपेक्षा उंच, हातांवर भाजल्याच्या जुन्या खुणा. अंगणात सगळ्यांसमोर त्यानं आक्कांना विचारलं, "समदं गाव भरतंय पुट्टी. तुझं एकटीचंच बोट लई शानं हाय व्हय?"

"व्हय," आक्का म्हणाल्या.

पुढं काही नाही. नुसतं "व्हय."

मालक त्याचं काम कायमचं बंद करायला निघाले होते. आक्का म्हणाल्या, "एकदा परत वतू द्या त्याला. घाईनं वतलंय, चोरी म्हणून न्हाय. परत आलेली मीच बघनार. त्यातलं एक जरी बसकं बोललं, तर मग बंद करा, मी आडवी येनार न्हाय." भावानं मान खाली घालून अकरा कव्हरं टेंपोत भरली आणि गेला. पंधरा दिवसांनी नवी ओतून आली. टेंपोबरोबर तो स्वतः आला नाही. आक्कांनी ती अकराच्या अकरा वाजवली, तापवली, बोटाला विचारलं, आणि पाठीवर थाप मारून पुढं ढकलली. भावाचं काम सुरू राहिलं. बोलणं बंद झालं.

त्या वर्षी भाऊबीजेला कारखाना बंद होता. मी आक्कांच्या खोलीवर फराळ द्यायला गेलो. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात निरांजन, सुपारी, करदोटा. दुपार टळून गेली होती. आक्का दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "बस. लाडू खा." मी पाटावर नाही, शेजारी बसलो. त्यांनी निरांजन लावलं नाही. पुढच्या वर्षी मी मुद्दाम गेलो नाही. पाट मांडला होता, हे मला शेजारणीकडून कळलं.

त्यानंतरच्या उसाच्या हंगामात बिद्रीकडच्या एका पंपावरून मालकांना फोन आला. "तुमची मोटार फुटली." पंपवाला ओरडतच होता. मालक पांढरे पडले. मी निघालो, तर आक्का आधीच गाडीत जाऊन बसलेल्या.

रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती.  आक्का उतरल्या त्या सरळ पंपवाल्यापुढे गेल्या.

"कुठं फुटली? दाखवा."

"अहो मावशी, केवढा आवाज झाला!"

"आवाज झाला. फुटलेली दाखवा."

त्यानं पेटीकडे बोट केलं. पेटी जागच्या जागी होती. पेट्रोल भरणाऱ्या पोरीनं, गणवेशातल्या एका शांत मुलीनं, काय झालं ते सांगितलं. एक बाई कडेवर लेकरू घेऊन स्कूटरच्या मागं बसली होती, पुढं तिचा नवरा. नळी टाकीत होती. पेटीतून धप्प असा आवाज आला आणि आकडे थांबले. बाईनं विचारलं, "काय झालं ओ?" हिनं सांगितलं, "काय न्हाय ताई, मोटार बंद पडली. पलीकडच्या पंपाला जावा." ती माणसं पलीकडे गेली, पेट्रोल भरलं आणि निघून गेली.

"गेली?" आक्कांनी विचारलं.

"गेली की."

आक्का पंपाच्या कट्ट्यावर बसल्या आणि पाणी मागून प्याल्या.

मोटार कारखान्यात आणून आम्ही उघडली. बेअरिंग कोरडं पडून फिरणारा भाग बाहेरच्या भागाला घासला होता, ठिणगी पडली होती, आत शिरलेली वाफ पेटली होती. आत सगळा कोळसा. तारा जळालेल्या. आक्कांनी कव्हर उलटं केलं. सांध्याच्या कडेवर काजळी आतून निघून निम्म्यापर्यंत आली होती आणि तिथं थांबली होती. पुढचं लोखंड चकचकीत. मी नोकरीत इतकी वर्षं ही गोष्ट फळ्यावर काढत आलो होतो. प्रत्यक्ष त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

कव्हरवरचा ओतकामाचा नंबर मी पुसून वाचला. त्या परत ओतून आलेल्या अकरांतलं होतं ते.

आक्कांनी नंबर दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "मालकांस्नी इचार, हे कव्हर दोन दिवस नेऊ का म्हणून. आणि तू मला कुरुंदवाडला घिऊन चल."

फौंड्रीत भाऊ गुडघ्यावर बसून साच्यात वाळू ठोकत होता. आम्हाला बघून उठला. जवळजवळ दोन वर्षांनी बहीण समोर आली होती. आक्कांनी फडकं सोडून कव्हर त्याच्यापुढे ठेवलं.

"कुणाचं?" त्यानं विचारलं.

"तुझं."

त्याचा चेहरा पडला. "परत आलं?"

"आत पेटलं हुतं. भायेर आलं न्हाय."

त्यानं कव्हर उचललं, उजेडाकडे नेलं. काजळीची ती रेघ बघत तो पाठमोरा उभा राहिला. आक्कांनी त्याला पंपावरच्या बाईचं सांगितलं, तिच्या कडेवरच्या लेकराचं सांगितलं. तो वळला नाही. खांद्यानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "च्या सांगू काय?"

"सांग," आक्का म्हणाल्या. "साखर घालू नको म्हणावं. डाक्टरनं बंद केलीया."

त्या साखरेनंच पुढं घात केला. वर्षभरानं एका सकाळी आक्का माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या हातात एक कव्हर होतं आणि माझ्या टेबलावरचं भिंग त्यांनी स्वतःच उचललं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"ह्याच्यावर वरखडा हाय. मीच मारलाय, दाभणानं, वळख म्हणून. तीन दिस झालं. रोज त्याच्यावरनं बोट फिरवतोय. आज काय कळंना."

मी म्हटलं, "आक्का, थंडीचे दिवस आहेत. बोटं बधिर होतातच."

"थंडी न्हाय ही. डाक्टरला इचारून आलोय." त्या स्टुलावर बसल्या. "मालकांस्नी सांगून टाक. आजपासनं माझ्या बोटाचं खरं धरू नका. आणि मागच्या आठ दिसांत जी मी सोडलीत, ती समदी परत बघा. ट्रक जायचा हाय अजून."

कोणी त्यांची चूक धरली नव्हती. धरूही शकलं नसतं. ज्या कडकपणानं त्यांनी भावाची कव्हरं बाजूला काढली, त्याच कडकपणानं त्यांनी स्वतःला बाजूला काढलं. आणि आवाज जराही बसका नव्हता. मागच्या आठ दिवसांतल्या मोटारी आम्ही परत बघितल्या. एकही नापास निघाली नाही. हे सांगायला गेलो, तर म्हणाल्या, "बरं झालं. पण बघितल्याशिवाय तुला कळलं असतं व्हय?"

मालकांनी बसून शिकवायला राहा म्हणून सांगितलं. महिनाभर त्या राहिल्या. वायंडिंगच्या तीन मुलींना त्यांनी त्या टेबलावर तयार केलं, डोळ्यांना फडकं बांधून, एकेकीला वेगवेगळ्या ओरखड्यांवरून बोट फिरवायला लावून. मुली चुकल्या की त्यांचा आवाज गेटपर्यंत ऐकू जायचा. महिन्यानं म्हणाल्या, "झालं. आता मी हितं बसलो, तर ह्या माझ्या तोंडाकडं बघत्यात, कामाकडं बघत न्हाईत." आणि निघायचा दिवस सांगून टाकला.

न्यायला भाऊ आला. कव्हरांचा माल घेऊन येणारा तोच टेंपो, आज तो स्वतः चालवत आला होता. माल उतरवला आणि त्या जागी आक्कांची लोखंडी ट्रंक, गॅसची शेगडी, गुंडाळलेलं अंथरूण चढवलं. शाल, नारळ, फोटो सगळं झालं. मुली रडत होत्या. आक्का टेंपोच्या मागं जाऊन दोरी ओढून बघत होत्या.

"अशी बांधत्यात व्हय ट्रंक? पहिल्या खड्ड्याला उतरंल की खाली."

"आक्का, बस की आता," भाऊ म्हणाला.

"सोड आधी ती गाठ."

त्यानं निमूटपणे गाठ सोडली. आक्कांनी सांगितलं तशी परत मारली. मग त्या पुढं चढून बसल्या, मांडीवर पिशवी, पदर खोचलेला. टेंपो गेटबाहेर पडून महामार्गाच्या तोंडाशी थांबला. उसाच्या गाड्या एकीमागं एक चालल्या होत्या, कोणी वाट देईना. भाऊ वाट बघत बसला. आम्ही गेटपाशी उभे राहून बघत होतो. तेवढ्यात खिडकीतून आक्कांचा हात खांद्यापासून बाहेर आला, पंजा उघडा, समोरून येणाऱ्या ट्रकवर रोखलेला. ट्रक थांबला. टेंपो वळला आणि कुरुंदवाडच्या दिशेनं निघून गेला.